पावसाळ्यात स्मोक अलार्म उगाच वाजतोय? बॅटरी काढून ठेवण्याआधी हे करून बघा

मी वेंगुर्ला-मालवण पट्ट्यात वायरमनचं काम करतो, घरगुती वायरिंग, इन्व्हर्टर, होमस्टेची देखभाल असं सगळंच, आणि होमस्टे वाढले तसे स्मोक अलार्मही आता घराघरात दिसायला लागलेत. जून लागला की त्यांची एकच तक्रार येते. रात्री अलार्म वाजतो, गेस्ट दचकून उठतात, धूर कुठेच नसतो, दोन-तीनदा असं झालं की मालक स्टुलावर चढतो, बॅटरी काढतो आणि रिकामा अलार्म तसाच छताला लटकत राहतो. मला यातलं सगळ्यात धोक्याचं तेच वाटतं, कारण खाली झोपलेल्या माणसाला वाटतं वर काहीतरी आहे, आणि प्रत्यक्षात काहीच नसतं.

अलार्म बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. तो कसा वाजतोय आणि कधी वाजतोय एवढं नीट पाहिलं तरी कारण सापडतं. आपल्या किनाऱ्यावरची कारणं थोडी वेगळी आहेत, खारी हवा, दमट रात्री, पंखवाले किडे, कौलारू छप्पर, वर्षातले दहा महिने बंद असलेली घरं, आणि अलार्मसोबत येणाऱ्या कागदात यातलं फारसं काही नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पूर्ण आवाजात वाजत असेल तर आधी तो खराच धरा

ही पायरी गाळायची नाही, कितीही वेळा उगाच वाजला असला तरी. जुन्या घरात आग लगेच दिसत नाही. माळ्यावर उंदराने वायर कुरतडलेली असते, शेजारीच नारळाची सोडणं, गोणपाट, आंब्याच्या पेट्या, पेंढा असं सगळं रचलेलं असतं आणि ते आतल्या आत धुमसत राहतं, खाली खोलीत नुसता वास येतो. तेव्हा आधी वास घ्या, माळ्याकडे टॉर्च मारून बघा, मीटरच्या पेटीला आणि स्विचबोर्डला बाहेरून हाताची मागची बाजू लावून गरम लागतंय का बघा, देवघरातली समई, मच्छर अगरबत्ती, चार्जिंगला लावलेले मोबाईल बघा. बंद दार उघडण्याआधी हाताने चाचपा, गरम असेल तर उघडू नका. धूर दिसला, किंवा काही सापडत नाही पण वाजायचंही थांबत नाही, तर सगळ्यांना बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावा. सामान वाचवायला परत आत जाऊ नका.

आणि गॅसचा वास येत असेल तर ती वेगळीच गोष्ट आहे, स्मोक अलार्मला एलपीजी कळत नाही. कुठलंही बटण चालू-बंद करायचं नाही, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि बाहेरूनच १९०६ ला फोन करायचा.

चिक्... चिक्... असा अधूनमधून आवाज

पूर्ण बोंब नाही, फक्त एक बारीक चिक्, मग अर्धं-एक मिनिट शांत, मग परत चिक्. शेजारच्या काकी विचारतात, "मेल्या, ह्या कित्याक वाजता रात्रभर?" हा आगीचा इशारा नाही, अलार्म स्वतःबद्दल काहीतरी सांगतोय आणि बहुतेक वेळा ती बॅटरीच असते.

पण आधी आवाज नक्की कुठून येतोय ते बघा. इन्व्हर्टरही असाच वाजतो, किचनमधला गॅस डिटेक्टरही वाजतो, आणि मी असंही पाहिलंय की जुना अलार्म कपाटाच्या वर टाकून दिलेला, त्यात बॅटरी तशीच, आणि सगळे छतावरच्या नव्याकडे बघत बसलेत. हा बारीक आवाज कानाला फसवतो, दिशा कळत नाही, म्हणून प्रत्येकाच्या खाली एक-दोन मिनिटं उभं राहूनच ठरवा.

हा आवाज हटकून रात्री किंवा पहाटेच का येतो असं लोक विचारतात. पहाटे खोली सगळ्यात थंड असते, थंडीत बॅटरीच्या आतली क्रिया मंदावते, अलार्म मधूनमधून बॅटरीवर थोडा लोड टाकून तपासत असतो, त्या क्षणी व्होल्टेज खाली घसरलं की चिक्. दिवसा ऊन पडलं, खोली तापली की तीच बॅटरी परत पास होते. दिवसा गप्प आणि पहाटे चिक् असा प्रकार असेल तर ती बॅटरी शेवटच्या घटका मोजतेय, बदला.

बदलताना कुठली घेताय ते महत्त्वाचं. आपल्याकडे गावातल्या दुकानात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मागितली की बऱ्याचदा साधी झिंक-कार्बनची हातात पडते, तिच्यावर ६एफ२२ लिहिलेलं असतं. ती मल्टिमीटरला वगैरे ठीक आहे, अलार्मला लवकर उतरते आणि दमट हवेत फुटून पाझरतेसुद्धा. अल्कलाइन मागा, तिच्यावर ६एलआर६१ किंवा ६एलएफ२२ असतं, आणि अलार्मच्या झाकणाच्या आत कुठल्या बॅटऱ्या चालतात ते छापलेलं असतं ते आधी वाचा. कणकवली किंवा कुडाळला गेलात की दोन-चार एकदम आणून ठेवा. ठेवताना मात्र टोकांवर चिकटपट्टी लावून ठेवा, या बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात, ड्रॉवरमध्ये किल्ल्या-नाणी लागली की शॉर्ट होऊन तापते आणि त्याने आग लागू शकते. चार्जिंगवाली घालू नका, तिचा चार्ज आपोआप उतरतो.

आता नवी बॅटरी घातली तरी चिक् थांबत नाही, ही आपल्या किनाऱ्याची खास तक्रार. समुद्राजवळच्या एका होमस्टेतला असाच अलार्म खाली उतरवला, बॅटरीची टोपी काढली, तर एका टोकाच्या पाकळ्यांवर हिरवट-पांढरा थर चढलेला, नखाने खरवडला की पूड पडत होती, दुसरं टोक चकचकीत. बॅटरी मीटरवर नऊच्या वर दाखवत होती. म्हणजे बॅटरी चांगली, पण तो थर मध्ये आल्यामुळे करंट नीट पोचत नव्हता आणि अलार्मला ती उतरल्यासारखीच दिसत होती. खाऱ्या हवेत हे होणारच. उपाय सोपा आहे, बॅटरी काढायची, पेन्सिलीच्या खोडरबरने पाकळ्या घासायच्या, कानात घालतो त्या कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून पुसायच्या, पूर्ण सुकू द्यायच्या, पाकळी सैल झाली असेल तर हलक्या हाताने आत दाबायची. गंजाचा स्प्रे, खोबरेल तेल, ग्रीस काहीही लावायचं नाही, तेल ओघळून सेन्सरच्या डबीत गेलं की अलार्म कायमचा गेला.

साफ करूनही आवाज राहिला तर बॅटरी बाहेर ठेवून टेस्टचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज निघून जातो, मग बॅटरी घाला. आणि तरीही चिक् येत असेल तर मागचं लेबल बघा, बहुधा वय झालेलं असतं, त्याबद्दल खाली लिहिलंय.

पूर्ण आवाजात वाजतो, पण धूर नाही

हे समजायला अलार्मच्या आत काय चालतं ते माहीत हवं. आता मिळणारे बहुतेक अलार्म प्रकाशावर चालणारे असतात. आत एक काळी डबी असते, तिच्या एका कोपऱ्यात एलईडी आणि तिच्यापासून तिरकस बसवलेला सेन्सर, म्हणजे उजेड एरवी सेन्सरवर पडतच नाही. कौलातल्या काचेतून माजघरात उन्हाची तिरीप येते आणि तिच्यात धूळ उडताना चमकते ना, तसंच इथे होतं, डबीत धुराचे कण शिरले की त्यांच्यावरून उजेड उडतो, सेन्सरवर पडतो आणि अलार्म वाजतो. पण सेन्सरला धूर आणि बाकी काही यातला फरक कळत नाही. वाफेचे थेंब, धूळ, कोळ्याचा पाय, त्याच्यासाठी सगळं सारखंच.

पावसाळ्यात पहिला संशय वाफेवर घ्या. बऱ्याच अलार्मच्या कागदावर आर्द्रता ९३ किंवा ९५ टक्क्यांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, आणि तेही दव धरणार नाही अशा अटीवर. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या किनाऱ्यावर पहाटेची हवा नव्वदच्या वर जाणं रोजचंच आहे, तेव्हा थोडं निमित्त पुरतं.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं निमित्त म्हणजे एसीची खोली. गेस्टनी रात्रभर एसी १८ वर ठेवलेला, खोली आणि छताचा अलार्म गार पडलेला, सकाळी दार उघडून बाहेरची दमट हवा आत आली की गार डबीत दव धरतं आणि अलार्म सुरू. तुमच्याकडे अलार्म सकाळी दार उघडल्यावर किंवा लाइट जाऊन एसी बंद पडल्यावर थोड्या वेळाने वाजत असेल तर हेच कारण. अलार्म दाराच्या अगदी डोक्यावर असेल तर तिथून खोलीच्या आत सरकवा, एसीच्या झोतापासून लांब घ्या, आणि गेस्टना २५-२६ वर एसी ठेवायला सांगा, बिलही कमी येतं.

दुसरं, बाथरूम. होमस्टेच्या छोट्या खोल्यांत अटॅच बाथरूमच्या दाराबाहेरच अलार्म लावलेला असतो कारण वायरिंगचा पॉइंट तिथे होता. गीझरचं पाणी, दार उघडलं की वाफेचा लोट थेट वर. दारापासून निदान ९० सेंटिमीटर लांब हवा, जागा असेल तर आणखी लांब, आणि एक्झॉस्ट फॅन चालू स्थितीत हवा.

तिसरं, ओले कपडे. पावसाळ्यात कपडे सुकत नाहीत म्हणून खोलीत दोरी बांधून पंखा लावून ठेवतात, काही घरांत बंबाच्या खोलीत धगीवर सुकवतात. त्या दोरीच्या वर अलार्म असेल तर तो वाजणारच. दोरी हलवा, अलार्मला हात लावायची गरज नाही.

आता किडे. पहिला पाऊस पडला की वाळवीचे पंखवाले किडे ट्यूबलाइटवर झुंबड करतात, आणि अलार्म ट्यूबला लागूनच असेल तर त्यातले काही आत शिरतात. जाळीचं भोक अगदी बारीक असतं पण लहान कोळी त्यातून सहज जातो. असा एक अलार्म उघडून भिंगाखाली धरला तर डबीच्या काळ्या कडेला मोहरीएवढा कोळी बसलेला, आणि त्याने एलईडीच्या तोंडावरून एकच धागा पलीकडे नेलेला, उजेडात तो धागा लख्ख चमकत होता. एवढ्याने पूर्ण घर उठत होतं. कोळी हलला की वाजायचा, थांबला की गप्प, म्हणून मालकाला वाटत होतं की अलार्ममध्येच दोष आहे.

सफाई अशी करायची: अलार्म बैठकीवरून फिरवून काढा, मेनवर, म्हणजे घरच्या विजेवर चालणारा, असेल तर आधी त्या लाइनचा एमसीबी स्विच खाली करा, बॅटरी काढा, व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रशचं तोंड लावून चारी बाजूंच्या फटींवरून फिरवा. व्हॅक्यूम नसेल तर रंगकामाचा नवा कोरडा मऊ ब्रश आणि कॅमेऱ्याच्या लेन्सवर हवा मारायचा रबरी फुगा, दोन्हींनी काम होतं. तोंडाने फुंकू नका, श्वासातली वाफ आत जाते. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरवर तर अजिबात नेऊ नका, त्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं. ओलं फडकं फक्त बाहेरून, तेही चांगलं पिळून. साबण, फिनाईल, स्प्रे काही नाही.

किडे येऊ नयेत म्हणून लोक अलार्मवरच किडे मारायचा स्प्रे मारतात, ते करू नका, तो चिकट थर सेन्सरवर बसतो. त्याऐवजी अलार्म ट्यूबपासून निदान ३० सेंटिमीटर लांब घ्या, आणि अलार्मच्या मागे वायरसाठी पाडलेलं जे भोक असतं ते पुट्टीने किंवा सिलिकॉनने बुजवा. मुंग्या तिथूनच येतात. शिवाय कौलारू किंवा पत्र्याच्या छपराखाली त्या भोकातून वारा खाली येत राहतो आणि खोलीतला धूर डबीत शिरूच देत नाही, म्हणजे नको तेव्हा वाजायचा आणि हवा तेव्हा गप्प राहायचा. पेस्ट कंट्रोल, पॉलिश, चुना-रंगाच्या वेळी अलार्म उतरवून पिशवीत ठेवा आणि काम संपलं की त्याच दिवशी परत लावा. दुसऱ्या दिवसावर टाकलेला अलार्म महिनोन्महिने पिशवीतच राहतो.

फोडणी, तळण, धुरी, धूप

किचनमधल्या स्मोक अलार्मबद्दल माझं मत पक्कं आहे, तिथे तो लावूच नये. सुके बांगडे भाजायचे, तिरफळ घालून कालवण, सुरमई तळायची, आणि वर धुराचा अलार्म, ते जमणारच नाही, आठवड्यात कोणीतरी बॅटरी काढणार. किचनला हीट अलार्म लावा. तो धूर बघतच नाही, नुसतं तापमान बघतो, साधारण ५७-५८ डिग्रीला वाजतो, काही मॉडेल तापमान फार झपाट्याने चढलं तरी वाजतात. मासे तळण्याने तो वाजत नाही, कढईला आग लागली तर वाजतो. चुलीच्या किंवा शेगडीच्या अगदी डोक्यावर मात्र नको. आणि फक्त किचन, माळा, सामानाची खोली अशाच ठिकाणी तो चालतो, झोपायच्या खोलीत त्याच्या भरवशावर राहू नका, कारण धुमसणाऱ्या गादीच्या धुराने माणूस गुदमरतो तेव्हा खोली अजून तापलेलीही नसते. पत्र्याच्या शेडमध्ये लावणार असाल तर मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याखालची हवा किती तापते ते एकदा थर्मामीटर टांगून बघा, मग मॉडेल निवडा. साध्या स्मोक अलार्मच्या कागदावरही वरची मर्यादा बऱ्याचदा ३८ ते ४५ डिग्रीच्या मधेच असते.

स्मोक अलार्म चुलीपासून, गॅसपासून ३ मीटर तरी लांब हवा. बऱ्याच अलार्मवर गप्प करायचं बटण असतं, ते दाबलं की आठ-दहा मिनिटं त्याची संवेदना कमी होते आणि मग तो आपोआप पूर्ववत होतो. गणपतीत आरतीच्या वेळी कापूर, धूप, उदबत्त्या असं सगळं एकदम होतं तेव्हा हेच बटण दाबा, बॅटरी काढू नका, कारण पाच-सात दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, रात्री समया चालू असतात, मखराला थर्माकोल-कापड असतं, लायटिंगच्या माळा असतात. अलार्मची खरी गरज तेव्हाच आहे. संध्याकाळी डासांसाठी सोडणांची धुरी करत असाल तर ती पडवीच्या बाहेर ठेवा.

जागा चुकली असेल तर

सपाट स्लॅबवर भिंतीपासून निदान ३० सेंटिमीटर सोडून छताला लावा, पंख्याच्या पात्याच्या टोकापासून ९० सेंटिमीटर लांब, नाहीतर पंखा धूर बाजूला ढकलतो. उतरत्या छपराला आढ्याजवळ लावायचा, आढ्यापासून ९० सेंटिमीटरच्या आत, पण अगदी टोकात नाही, वरचे १० सेंटिमीटर सोडून, त्या टोकाशी हवा अडकून राहते आणि धूर तिथे उशिरा पोचतो. भिंतीवरच लावायची वेळ आली तर छताच्या खाली १० ते ३० सेंटिमीटरच्या पट्ट्यात. चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडताना लाल भुकटी खूप उडते, तेव्हा अलार्म शेजारी ठेवून ड्रिल चालवू नका, भोकं पाडा, झाडून घ्या, मग अलार्म आणा.

लाइट आली-गेली की वाजतो

मेनवर चालणारे आणि एकमेकांना जोडलेले अलार्म असतील तर एक वाजला की सगळे वाजतात, आणि मग दोष कुठल्यात ते कळत नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये ज्याने सुरुवात केली त्याचा लाल दिवा भराभर चमकतो, बाकीच्यांचा नाही. सगळे गप्प करायच्या आधी घरभर फिरून तो कुठला ते बघून ठेवा, नंतर सापडत नाही. लाइट गेल्यावर चिक् सुरू होत असेल तर आतली बॅकअप बॅटरी संपलेली आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगड भागातली कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्याकडे सिंधुदुर्गातही दिवसच्या दिवस लाइट नव्हती. मेणबत्त्या, कंदील, चुली, जनरेटर असं सगळं तेव्हाच चालू असतं, म्हणून मेनवरच्या अलार्मची बॅकअप बॅटरी मे संपायच्या आत बदलून घ्या. जनरेटर पडवीत किंवा खिडकीखाली लावू नका, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू स्मोक अलार्मला कळत नाही, त्याचा अलार्म वेगळा येतो.

बंद घर

चाकरमान्यांची घरं गणपतीला उघडतात, मग शिमग्याला, मग मे महिन्यात. मधल्या काळात बॅटरी उतरते, चिक्-चिक् करत अलार्म मरून जातो आणि घर उघडल्यावर कोणी त्याच्याकडे बघत नाही. अशा घरात दहा वर्षांची सीलबंद लिथियम बॅटरी असलेला अलार्म घ्या, महाग पडतो पण मधे कोणी बॅटरी बदलायला लागत नाही. त्यांच्यातल्या काहींवर कायमचं बंद करायचा खटका असतो, तो "घर बंद करताना बंद करून जाऊ" म्हणून वापरू नका, एकदा दाबला की तो अलार्म परत चालू होत नाही. घर उघडलं की झाडलोट, जळमटं काढणं आधी, मग अलार्मची सफाई, मग टेस्ट, आणि हे सगळं पहिल्या रात्री झोपायच्या आत. बंद घरात अलार्म वाजला तर ऐकणार शेजारीच, तेव्हा किल्ली कोणाकडे आहे आणि मेन स्विच कुठे आहे हे त्यांना दाखवून ठेवा.

टेस्ट कशी करायची

महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून धरायचं, हात पोचत नसेल तर झाडूच्या दांड्याने, पूर्ण आवाज आला पाहिजे. लायटर, मेणबत्ती, पेटता कागद खाली धरून बघू नका, प्लास्टिक वितळतं आणि काजळी आत बसते. उदबत्तीच्या धुराचाही चिकट थर जमतो. खऱ्या धुराची टेस्ट करायची असेल तर त्यासाठीचा वेगळा स्प्रे मिळतो, डब्यावर सांगितलेल्या अंतरावरूनच मारायचा. हीट अलार्मलाही बटणच, त्याखाली आग धरायची नाही.

पण बटण दाबून आवाज आला म्हणजे झालं असं नाही, तो आवाज झोपलेल्या माणसापर्यंत पोचतो का ते बघा, हे फार कमी लोक करतात. अलार्मचा आवाज ३ मीटरवर ८५ डेसिबल असा धरलेला असतो. मधे सागवानी दार बंद, पंखा पाचवर, आणि वर पत्र्यावर आषाढातला पाऊस, मग काय उरतं? म्हणून जोरात पाऊस चालू असताना एकाने आत दार लावून पडायचं आणि दुसऱ्याने माजघरातला अलार्म दाबायचा. ऐकू आला नाही तर त्या खोलीत वेगळा अलार्म हवा, शक्यतो एकमेकांना जोडलेला.

गावच्या घरात बहुतेक वेळा आई-वडीलच असतात, एकटे. साध्या अलार्मचा आवाज ३००० हर्ट्झच्या आसपासचा, चिरका असतो, आणि वयाबरोबर आधी हेच वरचे आवाज कमी ऐकू यायला लागतात. कुकरची शिट्टी ऐकू येते म्हणून अलार्म ऐकू येईल असं धरू नका, आणि जागेपणी ऐकू आला म्हणून झोपेत येईल असंही नाही. अशांसाठी ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला अलार्म असतो, किंवा उशीखाली थरथरणारं पॅड आणि लखलखणारा दिवा असलेला. आपल्याकडे सहज मिळत नाही, मागवायला लागतो, पण आई-वडील एकटे राहत असतील तर मागवाच. तोपर्यंत त्यांच्या पलंगाजवळच्या भिंतीवर एक साधा अलार्म लावा आणि ते झोपलेले असताना, आधी सांगून ठेवून, एकदा वाजवून बघा.

कधी बदलायचा

अलार्म उतरवला की मागे तयार झाल्याची तारीख छापलेली असते, तिथून दहा वर्षं, लावल्यापासून नाही. दुकानात पडून राहिलेला जुना माल स्वस्तात मिळतो तो यामुळेच परवडत नाही. लावतानाच त्या तारखेवरून बदलायचं वर्ष मार्करने पुढच्या कडेवर लिहून टाका, खालून दिसेल असं. नवा घेताना ईएन १४६०४ किंवा यूएल २१७ असं स्मोक अलार्मच्या मानकाचं काही अलार्मवर छापलेलं आहे का बघा, नुसत्या खोक्यावरच्या स्टिकरवर जाऊ नका. जुना उघडून पार्ट काढायच्या फंदात पडू नका, काही जुन्या अलार्मच्या आत अमेरिशियम-२४१ नावाच्या किरणोत्सारी पदार्थाचा अगदी छोटा तुकडा असतो, मागच्या लेबलवर तसं चिन्ह आणि नाव असतं. अलार्म न उघडता तसाच असेल तर त्याचा त्रास नाही, पण तो फोडायचा नाही, जाळायचा नाही, कचऱ्यात किंवा भंगारवाल्याला द्यायचा नाही, ज्याच्याकडून घेतला त्या पुरवठादाराकडे परत करायचा. प्रकाशावर चालणारा असेल तर बॅटरी काढून ई-कचऱ्यात. आणि जुना उतरवायच्या आधी नवा हातात असू द्या, म्हणजे मधली रात्र रिकामी जाणार नाही.